आधी चांगला गुडघा

कबड्डीत चढाई करताना पाय रोवून अंग वळवलं, आत काहीतरी 'कट्' झालं आणि दोन-चार तासांत गुडघा टम्म सुजला, की हल्ली पहिला प्रश्न असतो, एमआरआय कधी काढायचा? तो प्रश्न खरं तर दुसरा असायला हवा. एवढं ऐकूनच गुडघ्यातलं पुढचं क्रूशिएट लिगामेंट, एसीएल, तुटल्याचा संशय येतो. पण गुडघा सैल झालाय का, हे हात लावल्याशिवाय कळत नाही, कारण एमआरआयच्या यंत्रात गुडघा निश्चल पडलेला असतो आणि लिगामेंटचं काम हालचाल रोखण्याचं. लॅकमन चाचणीत गुडघा जेमतेम २० ते ३० अंश वाकवतात. एका हातानं मांडी पक्की धरून दुसऱ्या हातानं नडगीचा वरचा भाग पुढे ओढतात. हाड किती सरकलं याइतकंच ते कसं थांबलं हेही पाहायचं: शाबूत लिगामेंट ताणलेल्या दोरीसारखं ठामपणे अडवतं, तुटलेलं असेल तर ओढ मऊपणे विरून जाते. हे आधी चांगल्या गुडघ्यावर करायचं. काहींचे सांधे जन्मतःच ढिले असतात, त्यामुळे मोजमाप ज्याचं त्याच्याच दुसऱ्या पायावरून.

सुजलेला, दुखरा गुडघा कोण हलवू देईल, हा आक्षेप रास्त आहे. ९० अंशांत वाकवून करायची जुनी ड्रॉवर चाचणी तिथेच फसते, मांडीमागचे स्नायू आखडून हाड मागे धरून ठेवतात. लॅकमनला एवढं वाकवावंच लागत नाही. तरीही रुग्ण अंग चोरत असेल तर सूज उतरल्यावर पुन्हा तपासावं. ड्रॉवरची उलटी फसगतही होते. मागचं क्रूशिएट लिगामेंट, पीसीएल, तुटलं की नडगी आधीच मागे पडलेली असते. ती ओढून जागेवर आली तरी पुढे सरकल्याचा भास होतो आणि दोष एसीएलच्या माथी येतो. म्हणून ओढण्याआधी दोन्ही गुडघे वाकवून बाजूनं नुसतं बघायचं. घाईत नेमकं हेच राहून जातं. हाताचा अंदाज माणसागणिक बदलतो, हेही खरं. मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली कूर्चेची गादी, किंवा हाडाच्या आतला मार बघायला एमआरआय लागतोच. पण २००६च्या एका एकत्रित विश्लेषणात लॅकमननं एसीएलच्या सुमारे ८५ टक्के दुखापती पकडल्या होत्या. पिव्होट शिफ्ट ही एसीएलचीच आणखी एक चाचणी जाग्या रुग्णात बऱ्याचदा हुकते, भूल दिल्यावर मात्र खूपच भरवशाची ठरते. म्हणूनच एमआरआयचा अहवाल हाती असूनही सर्जन भूल चढल्यावर, सुरी लावण्याआधी, दोन्ही गुडघे पुन्हा हातात घेतात.