शनिवारीही शाळा

आमची मराठी शाळा दर रविवारी ज्या इमारतीत भरते ती आमची नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेकडच्या एका सरकारी शाळेचे चार वर्ग आम्ही भाड्याने घेतो. त्याच इमारतीत, लांबलचक व्हरांड्याच्या पलीकडे, चिनी शाळा भरते आणि तिला तीस वर्गही पुरत नाहीत. पहिली दोन वर्षं मला त्या गर्दीचा नुसता हेवा वाटे. मग एकदा त्यांच्या दारापाशी नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा फरशीवर फतकल मारून बसलेला दिसला. मांडीवर वही, आणि एकेक चिन्ह दहा-दहा वेळा लिहायचा आठवड्याचा गृहपाठ घंटा व्हायच्या आत उरकायची धांदल. आमची पोरं हेच काम गाडीच्या मागच्या सीटवर करतात. हेवा ओसरला आणि कुतूहल लागलं. ही शाळा चिनी मुलांच्या मागे लागली तरी कधी?

गोष्ट जवळजवळ दीडशे वर्षांची निघाली. १८८२ साली अमेरिकेने चिनी मजुरांना देशात यायला बंदी केली. दोन वर्षांनी सॅन फ्रान्सिस्कोतच जन्मलेल्या आठ वर्षांच्या मेमी टेपला, केवळ ती चिनी म्हणून, स्प्रिंग व्हॅली या सरकारी शाळेने प्रवेश नाकारला. जोसेफ आणि मेरी टेप हे तिचे आईवडील कोर्टात गेले आणि १८८५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकले. शहराने त्या निकालाला सफाईने बगल दिली. चिनी मुलांसाठी वेगळी शाळाच काढली, आणि मेमीला अखेर तिथे जावं लागलं.

इंग्रजी शाळेत शिरण्यासाठी आईबाप असे भांडत होते, त्याच दशकात चीनच्या छिंग राजवटीने सॅन फ्रान्सिस्कोत आपली शाळा उघडली. तिथे जुने ग्रंथ शिकवत, कारण मुलं उद्या मायदेशी परतणार हे गृहीतच होतं. सरकारी नोकरीच्या ज्या परीक्षांना ते ग्रंथ लागत त्या १९०५ मध्ये चीननेच रद्द केल्या. शाळा मात्र वाढत गेल्या. १९०८ च्या सुमारास लियांग छिंगग्वे नावाचा अधिकारी केवळ शाळा काढायला उत्तर अमेरिकेत आला, आणि १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमध्येही शाळा सुरू झाली. होनोलुलूची मुन लुन शाळा १९११ ची.

या शाळा आठवड्यातून एकदाच्या नव्हत्या. दिवसभर इंग्रजी शाळा, मग संध्याकाळी दोन-अडीच तास चिनी शाळा, आणि वर शनिवारची सकाळ. लेखिका मॅक्सीन हाँग किंग्स्टन स्टॉकटन गावात अशाच शाळेत शिकली. १९७६ च्या ‘द वूमन वॉरियर’ या पुस्तकात तिने लिहिलं आहे की इंग्रजी शाळेत तोंडातून शब्द न काढणाऱ्या मुली संध्याकाळी चिनी शाळेत आरडाओरडा करत, एका सुरात धडे म्हणत. एवढी पायपीट कशासाठी? तर पदवी मिळवूनही गोऱ्यांच्या कचेरीत चिनी तरुणाला नोकरी मिळेल याची खात्री नव्हती. १९३६ साली न्यूयॉर्कच्या एका चिनी क्लबाने निबंधस्पर्धा घेतली, तिचा विषयच होता: माझं भवितव्य चीनमध्ये की अमेरिकेत? अमेरिकेत जन्मलेल्या मुलांना हा प्रश्न तेव्हा विचित्र वाटत नव्हता, एवढं सांगितलं की पुरे.

भाषेचा घोळ वेगळाच. बरीच घरं चीनच्या क्वांगतुंग प्रांतातल्या तायशान भागातली. घरात तायशानी बोलायचे, शाळेत शिकवायचे शहरी कँटनी. मातृभाषेच्या शाळेत आईचीच बोली चूक ठरायची. आमच्याकडे नागपूरच्या घरातलं पोर ‘मी जाऊन राहिलो’ म्हणालं की बाई त्याला ‘मी जातो आहे’ म्हणायला लावतात. त्या बाई मीच.

आज दिसते ती वीकेंडची शाळा १९६५ च्या स्थलांतर कायद्याची लेक. त्या कायद्याने देशांनुसार ठरलेला जुना कोटा मोडला आणि तैवानमधून शिकलेली माणसं येऊ लागली. ही मंडळी चायनाटाउनमध्ये राहिली नाहीत. उपनगरांत विखुरली, तेव्हा रोज संध्याकाळी जमणं शक्यच नव्हतं. मग शनिवार किंवा रविवार ठरला, भाड्याचे वर्ग आले, आणि शाळा चालवायला पालकच आले. मुख्याध्यापक सोमवारी चिप डिझाइन करणारा, खजिनदार कुणाची तरी आई, दारावर पहारा पाळीपाळीने. बाक होते तसे लावायचे, फळ्यावरचं काही पुसायचं नाही. एवढं करूनही एखादी पेन्सिल इकडची तिकडे झाली तर सोमवारी तक्रारीची ईमेल. हे मला कुणी सांगावं लागत नाही.

१९८९ मध्ये बीजिंगच्या तिआनानमेन चौकातलं आंदोलन चिरडलं गेलं. अमेरिकेत शिकणाऱ्या चिनी विद्यार्थ्यांना १९९२ च्या एका कायद्याने इथे राहायची वाट मोकळी झाली. त्यांची मुलं शाळेच्या वयाची होताच गावोगावी दुसरी चिनी शाळा उभी राहिली. पहिल्या शाळेत पारंपरिक चिन्हं आणि तैवानची चुयिन उच्चारखूण, दुसऱ्या शाळेत सुटसुटीत केलेली चिन्हं आणि रोमन पिनयिन. दोन्ही बाजूंचे राष्ट्रीय संघ स्थापन झाले ते एकाच साली, १९९४ मध्ये. सुटसुटीत चिन्हांत ‘प्रेम’ या अक्षरातलं ‘हृदय’ गळलं, हा टोमणा पारंपरिकवाले अजून मारतात. मला विचाराल तर टोमणा झकास आहे, पण आठ वर्षांच्या पोराला दहा वेळा लिहायचं असेल तर त्याचं मत बिनहृदयाच्या बाजूने पडेल.

पुस्तकांचं दुखणंही होतं. बीजिंग किंवा तैपेईची क्रमिक पुस्तकं तिथल्या मुलांसाठी लिहिलेली. इथलं पोर आईचं सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत देतं आणि वाचता काहीच येत नाही. गणिताच्या अध्यापनावरच्या पुस्तकामुळे नाव झालेल्या मा लिपिंग यांनी नव्वदच्या दशकात याच मुलांसाठी वेगळी पुस्तकं रचली. आधी चिन्हं वाचायला शिकवायची, पिनयिन नंतर. कारण रोमन अक्षरं दिसली की मुलं चिन्हांकडे बघतच नाहीत. ‘माझे नाव’चं ‘majhe naav’ करणाऱ्या आमच्या पोरांना हे औषध लागू पडेल.

मग परीक्षा आली. १९९४ मध्ये महाविद्यालयीन प्रवेशाच्या सॅट परीक्षेत चिनी विषय झाला, २००७ मध्ये हायस्कूलमधल्या कॉलेज-पातळीच्या ‘एपी’ परीक्षांत चिनीची पहिली परीक्षा झाली. ‘मी का जाऊ?’ या पोराच्या प्रश्नाला आईबापांकडे पहिल्यांदा रोकडं उत्तर आलं. त्याच काळात वर्गांत आणखी काही मुली दिसू लागल्या, गोऱ्या आईबापांचं बोट धरून आलेल्या. चीनने २०२४ मध्ये परदेशी दत्तक बंद केलं तोवर ऐंशी हजारांवर मुलं अमेरिकन घरांत आली होती, त्यांत मुली जास्त. त्यांच्या घरात चिनी बोलणारं कुणी नव्हतं.

आता हिशेब मांडते. वर्षाला तीसेक शनिवार किंवा रविवार, दर वेळी अडीच तास, म्हणजे पंचाहत्तर तास. जुन्या चायनाटाउनमधलं पोर एवढे तास पाच आठवड्यांत भरत होतं. एवढ्यावर भाषा येत नाही. घरी जी कानावर पडते तिला लिपी देण्यापुरतीच ही शाळा पुरते, आणि ज्या घरात ती पडत नाही तिथलं पोर सातवी-आठवीत फुटबॉलकडे निघून जातं. खरं बस्तान बसलं ते आईबापांचं. व्हरांड्यात ताइची चालतं, जिममध्ये बॅडमिंटन, कोपऱ्यात कॉलेजांच्या फीची चर्चा. गावाकडचा पारच तो.

आमची नोंदणी ऑगस्टमध्ये सुरू होते. मुलाला दारात सोडून कॉफी प्यायला पळू नका. आत या, त्याच्याबरोबर बसा, वाचा. मागच्या बाकांवर जागा असते, फक्त उठताना बाक होता तिथे लावा.