येडगावचं पाणी आणि बिबट्याची बदली

वनीकरणाच्या निधीचा हिशेब आज मांडायचा होता. तो पुढच्या खेपेला. ओझरच्या एका वाचकाने विचारलेला प्रश्न आधी सोडवायला हवा. ते म्हणतात, विघ्नहराच्या देवळाशी कुकडीची धार होती, तिथे आता येडगाव धरणाचं पाणी पसरलंय. नदी गेली खरी, पण तिच्याहून मोठी पाणथळ मिळाली, मग गेलेल्या नदीची भरपाई कसली मागता? प्रश्न रास्त आहे, आणि त्याला दाखलाही आहे. नांदूर मधमेश्वर हा बंधाऱ्याचाच जलाशय. गाळ साचून तो उथळ झाला, पाणवनस्पती माजल्या, पक्षी आले आणि रामसर यादीत 2019 साली नोंदलेलं ते महाराष्ट्रातलं पहिलं स्थळ ठरलं.

पण येडगावचं पाणी नांदतं पाणी नव्हे, प्रवासी पाणी आहे. माणिकडोह, डिंभे अशा वरच्या धरणांतून ते इथे येतं आणि डाव्या कालव्याने कर्जत-करमाळ्याकडे निघून जातं. त्याची पातळी ऋतूवर कमी आणि आवर्तनाच्या तारखांवर जास्त ठरते. नदीसुरय उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या वाळूवर किंवा बेटावर अंडी घालतो. त्या आठवड्यात वरून पाणी सुटलं तर घरटं बुडतं, आणि पाणी झपाट्याने उतरलं तर बेट काठाला जोडलं जाऊन कुत्र्यांना वाट मिळते. धारेच्या, खडकाळ पाण्यात वाढणाऱ्या माशांना तर संथ पाणी कितीही दिलं तरी ते उपयोगाचं नाही. शिवाय 2017 च्या पाणथळ नियमांनी सिंचनासाठी बांधलेले जलाशय व्याख्येतूनच वगळले आहेत. म्हणजे जी पाणथळ भरपाई म्हणून दाखवायची, तिला त्या नियमांचं संरक्षण नाही.

एक जागा गेली तर दुसरी देता येते, या समजुतीची परीक्षा याच जुन्नर तालुक्यात एकदा झालेली आहे, तीही धरणांच्याच निमित्ताने. कालव्यांमुळे ऊस वाढला, उसात बिबट्याला आडोसा मिळाला, गावातली कुत्री-डुकरं हे भक्ष्य मिळालं. 2001 पासून जुन्नर वनविभागात शंभराहून अधिक बिबटे पिंजऱ्यात धरले गेले आणि त्यांतल्या 29 जणांची सरासरी 39.5 किलोमीटरवरच्या जंगलांत बदली झाली. जंगली प्राणी, त्याला जंगल दिलं. कागदावर व्यवहार चोख. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उलटंच दिसलं: माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 होते, ते या मोहिमेनंतर 17 वर गेले. सोडलेल्या जागेची ओळख नाही, तिथे आधीचे बिबटे आहेत, आणि मागे मोकळ्या झालेल्या उसात नवे येतातच. पर्यायी वनीकरणाचा हिशेबही याच चालीचा आहे. इथलं हेक्टर तिथल्या हेक्टरने फेडायचं. तेही फेडलं जात नाही ते वेगळंच. महालेखापरीक्षकांच्या 2013 च्या अहवालाप्रमाणे मिळायला हव्या होत्या त्यांपैकी जेमतेम 27 टक्के वनेतर जमिनी वनखात्यांकडे आल्या होत्या. पण शंभर टक्के आल्या असत्या, तरी जुन्नरमध्ये बुजवलेल्या ओढ्याचं देणं दुसऱ्या जिल्ह्यातल्या सागाने फिटलं नसतं. अमेरिकेने 2008 च्या नियमांत पाणथळीची भरपाई पाणलोटाच्या हिशेबाने बघायला सुरुवात केली, ती अशाच अनुभवातून.

यावर पक्का आक्षेप असा, की कुकडीच्या खोऱ्यात मोकळी जमीन आहेच कुठे? द्राक्ष, टोमॅटो, ऊस. बांधसुद्धा कोरला जातो. मला वाटतं, जमीन धरणाच्या पोटातच आहे. पाणी ओसरलं की उघडी पडणारी गाळपेर जमीन सरकारच्या मालकीची असते आणि हंगामापुरती भाडेपट्ट्याने दिली जाते. तिच्यातला पाण्यालगतचा पट्टा नांगराविना ठेवला, त्याला येऊन मिळणाऱ्या ओढ्यांच्या तोंडाशी करंज, उंबर, वाळुंज राहू दिले, तर भरपाई त्याच पाण्याची, त्याच काठावर होईल. मात्र गाळपेरीवर पहिला हक्क धरणग्रस्तांचा असतो. ज्यांनी एकदा जमीन दिली त्यांनीच पक्ष्यांसाठी पुन्हा द्यावी, असं म्हणणं अन्यायाचं. म्हणून पट्टा न पेरण्याचे पैसे हंगामागणिक त्यांना मिळायला हवेत, आणि ते ज्या प्रकल्पाने नव्याने एखादा ओढा बुजवला त्याच्या खात्यातून. हे पैसे रोपांच्या संख्येवर मोजले जाणार नाहीत, म्हणून वनीकरणाच्या निधीच्या खर्चाच्या नियमांत त्यांना जागा करावी लागेल. निधीचा हिशेब मांडताना तेच नियम आधी बघू.