मायक्रॉनचा पाठलाग: तंजावरची पंचवीस वर्षे

2018 सालापर्यंत तमिळनाडूतल्या कोणत्याही बसस्थानकावर पिण्याचे पाणी पाऊचमध्ये मिळे. कोपरा दाताने तोडायचा, पाणी तोंडात पिळायचे, पाऊच खिडकीबाहेर. सांबार पिशवीत, चहाही पिशवीत, आणि टपरीवर ताटलीला प्लास्टिकचा पातळ कागद अंथरून त्यावर इडली. तंजावर याला अपवाद नव्हते. बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजी राजांनी 1803 साली मराठीत कोरवून घेतलेला भोसल्यांचा इतिहास पाहायला गेलेल्या मराठी प्रवाशांनीही असे पाऊच फोडले असतीलच. गंमत म्हणजे याच जिल्ह्यात तिरुवैयारूच्या बाजूला केळीच्या बागा आहेत. जेवायला केळीचे पान हवे असेल तर इथे सणाची वाट पाहावी लागत नाही.

या पाऊच-पिशव्यांमागे सरकार धावत होते ते हातात जाडीचे माप घेऊन. केंद्राने 1999 मध्ये पिशवीची किमान जाडी 20 मायक्रॉन ठरवली. 2011 मध्ये ती 40 झाली, 2016 मध्ये 50, सप्टेंबर 2021 अखेर 75 आणि 2022 च्या अखेरीस 120. महाराष्ट्र या शर्यतीत पुढे होता. 26 जुलै 2005 च्या महापुरात मुंबईची गटारे पिशव्यांनी तुंबली, आणि 2006 च्या राज्य नियमांनी 50 मायक्रॉनची अट घातली. देशाला तिथे पोचायला आणखी दहा वर्षे लागली.

जाडीचा हट्ट कशासाठी? उत्तर भंगारवाल्याच्या काट्यावर आहे. भंगार किलोवर विकले जाते. पातळ पिशव्या दिवसभर वेचल्या तरी वजन भरत नाही, त्यामुळे त्यांना कोणी वाकून हात लावत नाही. पाण्याची बाटली, शाम्पूचा डबा, मोडकी बादली मात्र रस्त्यावर टिकत नाही. त्यांच्यासाठी कुठल्या नियमाची गरज पडली नाही.

भंगाराच्या दुकानातले वर्गीकरण हे मुरलेल्या हाताचे काम आहे. तुकडा वाकवून पाहायचा, मोडताना होणारा आवाज ऐकायचा, अगदीच शंका आली तर कडेला काडी लावून धुराचा वास घ्यायचा. (फुप्फुसांना याची किंमत मोजावी लागते, ती कुठल्याच हिशेबात धरली जात नाही.) पुढे कारखान्यात काप करून ते पाण्यात सोडतात: पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन तरंगतात, बाटल्यांचे पेट आणि पाइपांचे पीव्हीसी बुडतात. तरंगणारे वितळवून त्याचे दाणे होतात आणि दाण्यांच्या पुन्हा बादल्या, कुंड्या, पाइप. पेटचा मार्ग वेगळा. त्याचे धागे काढले जातात. तंजावरच्या पश्चिमेला, कावेरीला मिळणाऱ्या अमरावतीच्या काठी वसलेल्या करूर या विणकरांच्या गावात हा उद्योग चांगला रुजला. फेब्रुवारी 2023 मध्ये पंतप्रधान संसदेत बाटल्यांपासून बनवलेले निळे जाकीट घालून आले, त्याचे कापड करूरच्या श्री रेंगा पॉलिमर्सचे होते.

पातळ पिशव्यांना पहिले गिऱ्हाईक मिळाले मदुराईत. तिथल्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक आर. वासुदेवन यांनी या पिशव्या रस्त्यावरच वापरायचे ठरवले, पण डांबराखाली. कृती साधी आहे. खडी साधारण 160-170 अंशांपर्यंत तापवायची, तिच्यावर प्लास्टिकचा बारीक चुरा टाकायचा. तो वितळून प्रत्येक खड्याला लेप बसतो, मग डांबर. लेपामुळे खडीत पाणी मुरत नाही. पीव्हीसी तेवढे वगळायचे, कारण तापल्यावर ते आम्लधर्मी वायू सोडते. 2002 मध्ये चेन्नईचा जंबुलिंगम रस्ता या पद्धतीने झाला, पुढच्या वर्षी इरोडचा वीरभद्र रस्ता. 2006 मध्ये पेटंट मिळाले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने हे रस्ते काही वर्षांनी तपासले तेव्हा ते खड्ड्यांवाचून उभे होते. महाराष्ट्रातल्या वाचकाला एवढे वाक्य पुरे व्हावे. एकेरी रस्त्याच्या एका किलोमीटरला सुमारे एक टन प्लास्टिक लागते. 2018 मध्ये वासुदेवन यांना पद्मश्री मिळाली. अर्थात रस्त्यात पुरलेले प्लास्टिक पुन्हा हाती लागत नाही. झिजताना त्याचे सूक्ष्म कण कुठे जातात, यावर अजून वाद आहे.

त्याच वर्षी 5 जूनला मुख्यमंत्री पळनिस्वामी यांनी विधानसभेत बंदी जाहीर केली. 1 जानेवारी 2019 पासून एकदाच वापरायच्या 14 वस्तू राज्यात बंद: पिशव्या, स्ट्रॉ, थर्माकोलचे पेले, ताटलीवरचा तो कागद आणि पाण्याचे पाऊचही. महाराष्ट्राने काही महिने आधीच आपली बंदी आणली होती. दूध, दही, तेल, औषधे यांच्या वेष्टनांना तमिळनाडूने सूट दिली. दुधाच्या पिशवीला भंगारात भाव असल्याने ती तशीही परत येत होती.

बंदी आली म्हणून पिशव्या संपल्या नाहीत. डिसेंबर 2021 मध्ये मुख्यमंत्री स्टालिन यांनी ‘मीण्डुम मंजप्पै’, म्हणजे पुन्हा पिवळी पिशवी, ही मोहीम सुरू केली. लग्नात वधूवरांची नावे छापून, नारळ-विडा घालून पाहुण्यांच्या हाती द्यायची ही सुती पिशवी. मधल्या पिढीने तिला खेडवळ ठरवले होते. आता ती यंत्रात नाणे टाकून मिळू लागली. गरिबाची म्हणून टाकलेली वस्तू सरकारी खर्चाने प्रतिष्ठित करावी लागली, हे जरा लाजिरवाणेच.

तंजावरचा जुना कचरा यातल्या कशाने हलला नाही. तो वर्षानुवर्षे जेबमालैपुरमच्या डेपोत साचत होता. नगरपालिकेची महानगरपालिका 2014 मध्ये झाली, 2016 मध्ये शहर स्मार्ट सिटीच्या यादीत आले, आणि मग तो ढीग उकरून चाळायचे काम आले. अशा चाळणीतून तळाला माती मिळते; वर उरतात चिंध्या आणि मळकट, थरांवर थर असलेली वेफर्सची, बिस्किटांची पाकिटे. प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना असे चिकटलेले असतात की ते वेगळे करणे परवडत नाही. राज्यातल्या अनेक गावांचा असा माल अरियलूरकडे जातो. कोळ्ळिडम नदी ओलांडली की हा जिल्हा लागतो. चुनखडीमुळे तिथे सिमेंटचे कारखाने आहेत. त्यांच्या भट्ट्यांत माल सुमारे 1450 अंशांपर्यंत तापतो, आणि कोळशाबरोबर ही पाकिटेही जळतात. सरकारी अहवाल याला विल्हेवाट म्हणतात, आणि तोच शब्द खरा आहे. पुनर्वापर म्हणणे धाडसाचे ठरेल.

फेब्रुवारी 2022 च्या केंद्रीय नियमांनी हिशेबाचे दुसरे टोक धरले. पाकीट बाजारात आणणाऱ्या कंपनीने तेवढेच प्लास्टिक गोळा करून पुढे लावल्याचे प्रमाणपत्र दाखवायचे. प्रमाणपत्रे नोंदणीकृत पुनर्चक्रण कारखान्यांना मिळतात, कंपन्या ती विकत घेतात. काडी लावून वास घेणारा भंगारवाला आणि त्याच्याकडे पोते आणून टाकणारी कचरावेचक बाई यांची या व्यवहारात नोंद नाही. त्यांचा भाव अजून किलोवरच ठरतो.