अनुभव हवा, पण पहिला अनुभव द्यायचा कुणी?

अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. कॉम्प्युटर सायन्सची पदवी घेऊन नुकत्याच बाहेर पडलेल्या कुणालाही विचारा, हेच गाऱ्हाणं ऐकायला मिळेल. पुणे, नागपूर, सांगलीहून इंजिनिअरिंग करून इथे अमेरिकेत एमएसला आलेल्यांच्या बाबतीत त्यात आणखी दोन गोष्टींची भर पडते: शैक्षणिक कर्जाचा हप्ता आणि व्हिसाचं घड्याळ. पॉडकास्टवर विषय कुठलाही असो, रेकॉर्डिंग थांबलं की कुणीतरी भाच्याचा किंवा शेजाऱ्यांच्या मुलीचा विषय काढतंच. "मार्क चांगले आहेत हो, दोनशे ठिकाणी अर्ज केलेत, पण साधा फोनसुद्धा येत नाही." म्हणून यावेळी या कोड्यामागचं अर्थशास्त्र आधी समजून घेऊ, आणि त्यातून व्यवहारात काय निघतं ते मग बघू.

सुरुवात एका साध्या प्रश्नापासून. नवख्या माणसाला शिकवण्याचा खर्च कोण उचलतो? गॅरी बेकर या अर्थतज्ज्ञाने १९६४ साली 'ह्यूमन कॅपिटल' या पुस्तकात कामावरच्या शिक्षणाचे दोन प्रकार केले. एक, जे फक्त त्याच कंपनीत उपयोगी पडतं. दुसरं, जे कुठेही चालतं. प्रोग्रॅमिंग बऱ्याच अंशी दुसऱ्या प्रकारात मोडतं. कंपनीने सहा महिने खर्च करून तुम्हाला नीट कोड लिहायला शिकवलं, तर सातव्या महिन्यात तुम्ही समोरच्या इमारतीतल्या कंपनीत जाऊ शकता. त्यामुळे, बेकरच्या मते, असल्या शिक्षणाचा खर्च या ना त्या मार्गाने शेवटी शिकणाराच सोसतो.

हे एकदा लक्षात आलं की भारतातली आणि इथली पद्धत इतकी वेगळी का, ते कळतं. आपल्याकडे कॅम्पस प्लेसमेंट असतं. टीपीओ सर यादी लावतात, ६० टक्क्यांची अट, ॲप्टिट्यूड टेस्ट, एखादा इंटरव्ह्यू, आणि एकाच दिवशी एकाच कॉलेजातून शंभरएक मुलं उचलली जातात. त्यात मेकॅनिकलची, सिव्हिलचीही असतात. मोठ्या सर्व्हिस कंपन्या त्यांना आपल्या खर्चाने शिकवतात. इन्फोसिसचा म्हैसूरचा कॅम्पस त्यासाठीच उभा आहे. हा खर्च वसूल होतो तो वर्षानुवर्षं साडेतीन लाखांच्या आसपास अडकून राहिलेल्या सुरुवातीच्या पगारातून, आणि काही ठिकाणी बाँडमधून.

इथे यातलं जवळजवळ काहीच नाही. पगार पहिल्या दिवसापासून भरपूर, आणि कर्मचारी दोन आठवड्यांची नोटीस देऊन निघून जाऊ शकतो, तीही रिवाज म्हणून. मग कंपनी साहजिकच म्हणते, तुम्ही शिकूनच या. नोकरी लागण्यापूर्वीचे प्रोजेक्ट, इंटर्नशिप, रात्री जागून सोडवलेली गणितं, हा सगळा तुमच्या खिशातून भरलेला प्रशिक्षणाचा खर्च आहे. तिकडच्या सवयीने आलेला विद्यार्थी मात्र 'कंपन्या कॉलेजात कधी येणार?' याची वाट बघत बसतो.

आता दुसरा प्रश्न. शिकून आलात हे कंपनीला कळणार कसं? मायकल स्पेन्स यांनी १९७३ साली यावर एक निबंध लिहिला आणि पुढे २००१ मध्ये त्यांना अर्थशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: उमेदवाराची कुवत मालकाला आतून दिसत नाही, तो बाहेरच्या खुणांवरून अंदाज बांधतो. पण खूण उपयोगी कधी? कुवत असलेल्याला ती मिळवणं सोपं आणि नसलेल्याला अवघड असेल तेव्हाच. सगळ्यांनाच सारखी सोपी असेल तर ती काहीच सांगत नाही.

ही फूटपट्टी घेऊन आपला रेझ्युमे तपासून बघा. शनिवार-रविवारात मिळणारं ऑनलाइन सर्टिफिकेट? कुणालाही मिळतं. यूट्यूब बघून केलेलं टू-डू ॲप? तेच ॲप त्याच नावाने शेकडो रेझ्युमेंवर असतं, आणि आता तर एआयला सांगितलं की दहा मिनिटांत तयार. याउलट, एखाद्या चालू ओपन सोर्स प्रकल्पात तुम्ही एक चूक शोधली, ती दुरुस्त केली, तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसाने त्यावर तीन शंका काढल्या, तुम्ही उत्तरं दिलीत आणि बदल स्वीकारला गेला, तर ते वीस ओळींचं काम असलं तरी बोलतं. तसंच, कॉलेजातल्या एखाद्या प्रयोगशाळेची माहिती साठवणारी यंत्रणा तुम्ही लिहिलीत आणि चार माणसं ती रोज वापरतात, हेसुद्धा. आमच्यासारख्या संशोधकांकडे अशी अर्धवट, रडतखडत चालणारी सॉफ्टवेअर्स ढिगाने पडलेली असतात. येऊन विचारायला फार कमी मुलं धजतात.

सगळ्यांत भक्कम खूण म्हणजे इंटर्नशिप, कारण तिथे अंदाज बांधायचाच नसतो. बारा आठवडे माणूस समोर काम करताना दिसतो. आणि नेमकी इथेच कॅलेंडरची गडबड होते. पुढच्या उन्हाळ्याच्या इंटर्नशिपच्या जागा मोठ्या कंपन्या आदल्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरपासून भरायला लागतात. आपला विद्यार्थी येतो ऑगस्टमध्ये. त्याचं घर लागायचं असतं, बँकेचं खातं, फोनचं सिम, तांदूळ कुठे मिळतो इथपासून सगळं नवं. स्थिरस्थावर होऊन 'आता अर्ज करू' म्हणेपर्यंत दिवाळी आलेली असते आणि बऱ्याच जागा गेलेल्या असतात. एफ-१ व्हिसावर कॉलेजबाहेर इंटर्नशिप करायला साधारणपणे एक शैक्षणिक वर्ष पूर्ण व्हावं लागतं, म्हणजे दोन वर्षांच्या एमएसमध्ये पूर्ण उन्हाळा मिळतो तो एकच. त्यामुळे विमानात बसण्यापूर्वी, जूनमध्येच, इथल्या पद्धतीचा एक पानी रेझ्युमे तयार हवा. त्यात फोटो नको, वडिलांचं नाव नको, जन्मतारीख नको.

आता ओळखीचा विषय. 'रेफरल माग' असं सुचवलं की आपली बरीच मुलं अवघडतात. ओळख लावणं म्हणजे वशिला, आणि वशिला म्हणजे कमीपणा, हे डोक्यात पक्कं असतं. पण वशिल्यात पात्रता नसताना काम होतं. इथल्या रेफरलमध्ये फक्त इतकंच होतं की शेकडो अर्जांच्या ढिगातला तुमचा अर्ज माणसाच्या डोळ्यांखालून जाण्याची शक्यता वाढते. पुढचे इंटरव्ह्यू तुम्हालाच द्यायचे असतात. आतल्या माणसाने आपलं नाव पणाला लावलेलं असतं, म्हणून कंपनीही त्याकडे खूण म्हणून बघते.

ओळख कुणाची, यावर समाजशास्त्रात एक गाजलेला निबंध आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा, तोही १९७३ चाच. बोस्टनजवळच्या एका उपनगरात नोकरी बदललेल्या लोकांना त्यांनी विचारलं, ज्याच्याकडून नोकरीचं कळलं तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के म्हणाले, नेहमी. ५६ टक्के म्हणाले, अधूनमधून. २८ टक्के म्हणाले, क्वचितच. म्हणजे जिवलग मित्रापेक्षा लांबची ओळख कामाला आली. कारण उघड आहे: जवळच्या मित्राला जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनच्या दोन कोटी सदस्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यातही याला पाठबळ मिळालं. फक्त तिथे अगदी पुसट ओळखींपेक्षा मध्यम लांबच्या ओळखी जास्त उपयोगी ठरल्या.

एका अपार्टमेंटमध्ये एकाच कॉलेजातून आलेली चार मुलं राहतात, एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याच त्या लिंका फिरतात, आणि चौघं त्याच जागांवर तुटून पडतात. तेव्हा महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला आरतीनंतर ताटं लावताना भेटलेल्या काकूंना, ज्या एखाद्या विमा कंपनीच्या डेटाबेसचं काम बघतात, त्यांना आपण काय करतो ते सांगावं. लगेच नोकरी मागू नये. 'तुमच्या टीममध्ये काम कसं चालतं, पंधरा मिनिटं बोलता येईल का?' इतकंच विचारावं. आणि जागा निघालेली दिसली की तिचा क्रमांक आणि दोन ओळींत आपण तिला का योग्य आहोत, ते पाठवावं. नुसता रेझ्युमे चिकटवून 'कृपया रेफर करा' असा निरोप आला, तर मदत करू इच्छिणाऱ्याचंही काम वाढतं.

ही काकूंची विमा कंपनी मुद्दाम घेतली. सॉफ्टवेअर विकणाऱ्या पाच-सात नावाजलेल्या कंपन्यांच्या पलीकडे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या हजारो कंपन्या आहेत: दवाखाने, बँका, ट्रॅक्टर बनवणारे, किराणा साखळ्या. घरी नाव सांगितलं तर कुणाला ठाऊक नसतं, हीच काय ती अडचण.

इंटरव्ह्यूबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण बाकीचं सगळीकडे मिळतं. नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२० मध्ये ४८ विद्यार्थ्यांना फळ्यावर एकच प्रश्न सोडवायला दिला. निम्म्यांना परीक्षकासमोर मोठ्याने बोलत, निम्म्यांना खोलीत एकट्याने. समोर कुणी बसलेलं असताना कामगिरी निम्म्याहूनही खाली घसरली. परीक्षकासमोर एकाही मुलीला उत्तर नीट जमलं नाही. एकट्याने सोडवणाऱ्या सगळ्या मुलींना जमलं. नमुना लहान आहे, हे खरं. तरी एवढं दिसतं की या परीक्षेत ज्ञानाबरोबर धिटाईही मोजली जाते. त्यामुळे खोलीचं दार लावून पाचशे गणितं सोडवण्यापेक्षा शंभर सोडवा, पण रूममेटला समोर बसवून, विचार इंग्रजीत बोलून दाखवत. मनात मराठीत विचार करणाऱ्याला तर हा सराव हवाच.

सध्याचा काळ कठीण आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये दिलेल्या आकड्यांत कॉम्प्युटर सायन्सच्या नव्या पदवीधरांमधली बेकारी ६.१ टक्के होती. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी त्याच वर्षी पगारपत्रकांच्या माहितीवरून दाखवलं की २२ ते २५ वयाच्या सॉफ्टवेअर डेव्हलपरांची संख्या २०२२ अखेरच्या शिखरापासून जवळजवळ २० टक्क्यांनी घटली, आणि अनुभवी लोकांची मात्र तशी घटली नाही. यात एआयचा वाटा किती आणि २०२२-२३ मध्ये शून्याजवळून सव्वापाच टक्क्यांवर गेलेल्या व्याजदरांचा किती, यावर अर्थतज्ज्ञांत वाद चालू आहे. दोन्हींचा आहे, असं माझं मत.

मंदीत पदवी घेतल्याचा डाग कायमचा राहतो का? कॅनडातल्या पदवीधरांच्या दोन दशकांच्या नोंदी तपासून ओरिओपोलोस, फॉन वाख्टर आणि हाइस यांनी २०१२ मध्ये यावर लिहिलं. सुरुवातीची कमाई साधारण ९ टक्क्यांनी कमी, पाच वर्षांत तूट निम्म्यावर, दहा वर्षांत जवळपास भरून निघालेली. भरून निघाली ती मुख्यतः नोकऱ्या बदलून, लहान कंपनीतून चांगल्या कंपनीत जाऊन. पहिल्या नोकरीसाठी हट्ट किती करायचा, हे ठरवताना हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो.

पण हे बदलणं व्हिसावाल्यांना तितकं सोपं नाही, म्हणून शेवटी घड्याळाबद्दल. ओपीटीचे बारा महिने, त्यात बेकारीचे जास्तीत जास्त ९० दिवस. कार्डावरच्या सुरुवातीच्या तारखेपासून हे दिवस मोजले जातात, आणि ती तारीख शिक्षण संपल्यानंतरच्या ६० दिवसांत आपणच निवडायची असते. ऑफर हातात नसेल तर ती उगाच अलीकडची मागू नका. या पहिल्या वर्षात आपल्या विषयाशी संबंधित, आठवड्याला किमान २० तासांचं बिनपगारी काम नियमांत बसत असेल तर तेही नोकरीत धरलं जातं. अडल्या वेळी प्रयोगशाळा किंवा सेवाभावी संस्था कामी येते ती इथे. पुढच्या २४ महिन्यांच्या वाढीव मुदतीसाठी मात्र पगार हवा आणि कंपनी ई-व्हेरिफाय या सरकारी यंत्रणेत नोंदलेली हवी. लहान कंपनीला हे ऑफर स्वीकारण्याआधी विचारा. पुष्कळांनी ते नावही ऐकलेलं नसतं.

याच ९० दिवसांत, साठाव्या-सत्तराव्या दिवशी, 'आम्ही तुमच्या रेझ्युमेवर पाच वर्षांचा अनुभव दाखवतो' म्हणणाऱ्या कन्सल्टन्सीचा फोन येतो. घरून दर रविवारी 'काही झालं का?' विचारलं जात असतं, हप्ता सुरू व्हायचा असतो, आणि मुलगा हो म्हणतो. खोटा अनुभव इंटरव्ह्यूत उघडा पडलाच तर एक नोकरी जाते. पण कागदोपत्री मालकाचं नाव देऊन व्हिसाच्या नोंदीत खोटं शिरलं, तर पुढे ग्रीन कार्डापर्यंत प्रत्येक अर्जात ते उकरून काढलं जाऊ शकतं. त्यापेक्षा परत जाऊन पुण्यात नोकरी धरणं शंभर पटींनी बरं, आणि हे घरच्यांनी आधीच मुलाला सांगून ठेवलेलं बरं.

एच-१बीची सोडत त्यानंतरची. वर्षाला ६५ हजार आणि इथल्या मास्टर्सवाल्यांसाठी २० हजार जागा. २०२५ च्या वसंतात सुमारे ३ लाख ४४ हजार पात्र नोंदण्यांतून १ लाख २० हजार निवडल्या गेल्या. २०२६ पासून जास्त पगाराच्या पातळीला जास्त चिठ्ठ्या, असा नियम आला आहे, म्हणजे नवख्यांची चिठ्ठी एकच. नियम सारखे बदलतात, म्हणून कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. विद्यापीठं आणि त्यांच्याशी संलग्न संशोधन संस्था या सोडतीतून वगळलेल्या आहेत. तिथे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या जागा असतात, पगार बाहेरच्यापेक्षा बराच कमी असतो, आणि अर्जही कमी येतात.