स्वस्त बँक की चांगली बँक? अमेरिकेतल्या चार बड्या बँकांचे शेअर्स कसे तोलायचे

आता फोनवरूनच अमेरिकन शेअर घेता येतात, त्यामुळे हा प्रश्न सारखा येतो: जेपी मॉर्गन, बँक ऑफ अमेरिका, वेल्स फार्गो की सिटीग्रुप? मी "हा घ्या" असं सांगणार नाहीये. तुलना कशी करायची, तेवढं बघू.

बहुतेक जण आधी पी-ई रेशो बघतात. बँकांच्या बाबतीत तेवढ्यानं भागत नाही. समजा, दोन बँकांत भागधारकांचे प्रत्येकी १०० डॉलर आहेत. ही झाली बुक व्हॅल्यू. पहिली बँक त्यावर वर्षाला २० डॉलर कमावते, दुसरी ८. पहिलीचा भाव २००, दुसरीचा ८०. पी-ई काढला तर दोन्हींचा १०! पण दुसरी बुक व्हॅल्यूच्या खाली मिळतेय म्हणून आपल्याला वाटतं, सेल लागलाय. तसं नसतं. भांडवलावर कमी कमावते, म्हणून भाव कमी. त्यामुळे प्राइस-टू-बुक आणि रिटर्न ऑन इक्विटी हे दोन आकडे नेहमी जोडीनंच बघायचे.

खरं उदाहरण घ्या. २०२४ मध्ये जेपी मॉर्गनचा परतावा (गुडविल वगळून उरलेल्या भांडवलावर) सुमारे २० टक्के होता, सिटीचा सुमारे ७. सिटीचा शेअर कित्येक वर्षं बुक व्हॅल्यूच्या खाली का होता, ते इथं कळतं.

मग पुढचा प्रश्न: स्वस्त असण्याचं कारण जाणार आहे का?

वेल्स फार्गोचं कारण स्पष्ट होतं. बनावट खात्यांचं प्रकरण २०१६ मध्ये गाजलं, आणि २०१८ मध्ये फेडरल रिझर्व्हनं बँकेच्या आकारावर मर्यादा घातली: साधारण १.९५ लाख कोटी डॉलर. ती जून २०२५ मध्ये उठली.

बँक ऑफ अमेरिकेनं २०२०-२१ मध्ये कमी व्याजाचे लांब मुदतीचे बाँड घेतले. नंतर व्याजदर चढले आणि २०२३ मध्ये त्यावरचा कागदी तोटा १३,००० कोटी डॉलरच्या वर गेला. बाँडची मुदत संपेल तसा हा पैसा सुटतो, पण हळूहळू.

सिटीचं दुखणं पसाऱ्याचं. म्हणून जेन फ्रेझर यांनी अनेक देशांतले रिटेल व्यवसाय विकायला काढले. भारतातला २०२३ मध्ये ॲक्सिस बँकेकडे गेला, ते तुमच्यातल्या काहींना क्रेडिट कार्डामुळे आठवत असेल. आता परतावा दहा टक्क्यांच्या वर टिकतो का, हे बघायचं.

आणि "मोठी बँक बुडत नाही" यावर विसंबू नका. २००८ मध्ये सरकारनं सिटीला वाचवलं, भागधारकांना नाही. २००६ अखेर शेअर ५५ डॉलरच्या आसपास होता. २०११ मध्ये १० शेअर्सचा १ केला, म्हणजे आजच्या हिशेबात ५५० डॉलर. भाव अजून तिथं पोचलेला नाही.

एक व्यवहाराची गोष्ट: भारतात राहून घेतलात तर डिव्हिडंडवर अमेरिकेत २५ टक्के कर आधीच कापला जातो. तेव्हा डिव्हिडंड यील्ड बघताना त्यातला पाऊण भागच हातात येणार, असं धरा.

पुढच्या वेळी "स्वस्त बँक" असं कुणी म्हणालं, तर आधी विचारा: परतावा किती? भेटू पुढच्या भागात!