नोंद नसली म्हणून पीक नव्हते का?

लेखमाला : सत्ता, सर्व्हर आणि सातबारा – लेखांक ५

फार्मर आयडी कसा तयार होतो आणि तो सातबाऱ्याला कसा जोडला जातो, हे गेल्या लेखांकात आपण पाहिले. या आठवड्याचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. सरकारच्या संगणकात शेतकऱ्याचे पीक दिसत नसेल, तर ते शेतात होते हे सिद्ध कोणी करायचे? नांदेड-लातूरच्या सोयाबीन पट्ट्यात दर हंगामात हा प्रश्न उभा राहतो आणि दर हंगामात त्याचे एकच उत्तर मिळते : शेतकऱ्याने. हे उत्तर चुकीचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. यंत्र सरकारने निवडले, ते बांधण्याचे आणि चालवण्याचे काम सरकारने दुसऱ्यांकडे सोपवले, नियमही सरकारनेच केले. मग यंत्राच्या चुकीचा भुर्दंड त्या व्यवहारातल्या सर्वांत कमकुवत माणसाने का भरावा?

आधी ही व्यवस्था कशी बदलली ते पाहू. सातबाऱ्यातला गाव नमुना सात हा हक्काचा आणि बारा हा पिकांचा. बारा नंबरात पीकपेरा लिहिण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या तलाठ्याचे होते. हंगामात शिवारात फिरून गटवार पीक पाहायचे आणि नोंदवायचे, ही सरकारी माणसाची जबाबदारी होती. १५ ऑगस्ट २०२१ रोजी टाटा ट्रस्टच्या सहकार्याने तयार झालेले ई-पीक पाहणीचे ॲप राज्यभर सुरू झाले आणि ही जबाबदारी शेतकऱ्याच्या हातात आली. ‘माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदविणार माझा पीकपेरा’ ही त्याची घोषणा होती. घोषणेतला स्वाभिमान खरा आहे. पण ज्या दिवशी नोंद हा शेतकऱ्याचा हक्क झाला, त्याच दिवशी ती न झाल्याचा दोषही त्याच्या नावावर गेला, आणि याची चर्चा फारशी झाली नाही.

ही नोंद प्रत्यक्षात कशी होते तेही पाहू. शेतकऱ्याने स्मार्टफोन घेऊन आपल्याच गटात उभे राहायचे. खाते निवडायचे, गट नंबर निवडायचा, पीक एकच की मिश्र ते सांगायचे, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये भरायचे, पेरणीची तारीख टाकायची, लोकेशन चालू ठेवून पिकाचे फोटो काढायचे आणि माहिती अपलोड करायची. फोन जुना असेल तर लोकेशन शेजारच्या गटात दिसते. कंधार, मुखेड, किनवटच्या डोंगराळ भागात फोटो निघतो, पण रेंजअभावी अपलोड होत नाही. सगळा जिल्हा एकाच आठवड्यात ॲप उघडतो तेव्हा सर्व्हर अडतो. मग मुदतवाढ येते, आणि ती जवळजवळ दर हंगामात येते. जी यंत्रणा दर हंगामात मुदतवाढ मागते, तिच्यातला दोष वापरणाऱ्याच्या अडाणीपणात शोधणे प्रामाणिकपणाचे नाही.

नोंद हुकल्याचा परिणाम पैशात मोजता येतो. हमीभावाने सोयाबीन घालायचे तर नोंदणीसाठी सातबाऱ्यावर सोयाबीनचा ऑनलाइन पेरा लागतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. ज्याच्या सातबाऱ्यावर पेरा नाही त्याच्यासाठी खरेदी केंद्राचे दार बंद, आणि मग आडतीवर मिळेल तो भाव. पोत्यात भरलेले सोयाबीन अधिकाऱ्यासमोर आहे, त्याचा ओलावा यंत्राने मोजता येतो, पण ते ज्या शेतात पिकले तिथे ते पिकलेच नाही, असे पडदा सांगतो.

पुराव्याचे ओझे असे उलटे टाकले की काय होते, हे लातूरच्या शेजारी न्यायालयातच तपासले गेले आहे. खरीप २०२० मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ऑक्टोबरच्या पावसाने काढणीला आलेले सोयाबीन गेले. पंतप्रधान पीक विमा योजनेत नुकसानीची सूचना ७२ तासांत देण्याची अट होती. ती पाळली नाही, या कारणावरून बजाज अलियान्झ या विमा कंपनीने साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांना भरपाई नाकारली. महसूल आणि कृषी खात्याने पंचनामे केलेले होते, म्हणजे नुकसान झाल्याचे खुद्द सरकारी कागद सांगत होते. तरी ज्याची सूचना नाही त्याचे नुकसान नाही, अशी कंपनीची भूमिका होती. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल दिला आणि कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. तिथेही तिला भरपाई टाळता आली नाही, सप्टेंबर २०२२ मध्ये २०० कोटी रुपये जमा करण्याचा आदेश झाला. शेतकरी जिंकले ते दोन वर्षांनी, आणि तेही वकील देऊन लढणारे कोणी पुढे आले म्हणून. या खटल्यातून मी एवढेच घेतो : माणसाने शेतात जाऊन केलेला पंचनामा आणि यंत्रात नसलेली नोंद यांच्यात वाद झाला, तर पंचनाम्याचे पारडे जड असले पाहिजे. न्यायालयात जे टिकले ते शासन निर्णयात आधीच लिहून ठेवायला कोणाची हरकत असावी?

आता कंपन्यांकडे वळू. एप्रिल २०२१ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने मायक्रोसॉफ्टशी करार करून सहा राज्यांतल्या १०० गावांत शेतकऱ्यांच्या माहितीवर आधारित प्रयोग करायचे ठरवले. शेतकरी आणि डिजिटल हक्कांच्या पन्नासहून अधिक संघटनांनी त्याला लेखी हरकत घेतली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सिस्को, जिओ प्लॅटफॉर्म्स, आयटीसी, निंजाकार्ट यांच्याशीही करार झाले. कंपन्या हे काम मोफत करत आहेत, असे समर्थन तेव्हा केले गेले. मोफत कामातली गोम अशी की त्यात मोबदला नसतो आणि जबाबदारीही नसते. पैसे देऊन घेतलेले काम बिघडले तर दंड लावता येतो, लेखापरीक्षक प्रश्न विचारू शकतो. मोफत घेतलेल्या कामाबद्दल कोणाला विचारायचे? पुढे २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्राने २,८१७ कोटींचे डिजिटल कृषी मिशन मंजूर केले, आणि महाराष्ट्राने १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी फार्मर आयडी सक्तीचा केला. विम्यात उपग्रहाच्या छायाचित्रांवरून उत्पादन काढण्याची ‘यस-टेक’ पद्धत २०२३ पासून आधी भात-गव्हाला आणि मग सोयाबीनलाही लागू झाली. तीत यंत्राच्या अंदाजाला किमान ३० टक्के भार आहे. सप्टेंबरात पाऊस थांबत नाही तेव्हा सोयाबीन वरून उभे दिसते आणि शेंगेत दाण्याला कोंब फुटलेले असतात. बांधावर उभा असलेला कोणीही शेंग सोलून ते दाखवू शकतो. पण उपग्रहाच्या गणिताने महसूल मंडळाचे उत्पादन जास्त धरले, तर ते गणित कसे केले हे लोह्याच्या किंवा औशाच्या शेतकऱ्याने कोणाला विचारायचे, त्याचा पत्ता कोणत्याही पावतीवर छापलेला नाही.

यंत्राला अंतिम शब्द दिला की काय होते, हे नांदेड जिल्ह्याने सीमेपलीकडे पाहिले आहे. धर्माबाद, बिलोली, देगलूरच्या लोकांचे तेलंगणात रोजचे जाणे-येणे. ‘रयतु बंधू’ या तिथल्या शेतकरी मदत योजनेचे पैसे पाहून धर्माबाद तालुक्यातल्या गावांनी तेलंगणात सामील होण्याची मागणीही केली होती, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तेलंगणाचे तत्कालीन मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांनी नांदेडला मोठी सभा घेऊन त्या आकर्षणाला राजकीय रूप दिले होते. त्याच राव सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये गावपातळीवरच्या महसूल अधिकाऱ्याचे पद रद्द केले आणि ऑक्टोबरात जमिनीच्या नोंदींसाठी ‘धरणी’ हे पोर्टल आणले. ते चालवण्याचे काम खासगी कंपनीकडे होते. फेरफार झटपट होऊ लागले, हे खरे. पण ज्याचा गट चुकून प्रतिबंधित यादीत गेला, ज्याचे क्षेत्र कमी लागले, त्याला गावात किंवा तालुक्यात दाद मागायला जागा उरली नाही. प्रत्यक्ष कसणाऱ्याचा रकाना नोंदीतून गेल्यामुळे कूळ आणि बटईदार दिसेनासे झाले. २०२३ च्या निवडणुकीत धरणी हा प्रचाराचा मोठा मुद्दा ठरला आणि सरकार गेले. नव्या सरकारने पोर्टल खासगी कंपनीकडून काढून राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे दिले, एप्रिल २०२५ मध्ये अपिलाची तरतूद असलेली ‘भू भारती’ आणली आणि त्याच वर्षी गावोगाव पुन्हा महसूल अधिकारी नेमले. पाच वर्षे आणि एक सत्तांतर खर्च करून तेलंगणाने गावात माणूस परत आणला. आपण तो मुळात घालवू नये.

यावरचा पहिला आक्षेप वजनदार आहे. तलाठ्याच्या काळात काय सोन्याचे दिवस होते? सज्जावर बसून पेरा लिहिला जाई, मागच्या वर्षीचेच पीक पुढे ओढले जाई, आणि फेरफारासाठी हात ओले करावे लागत. हे सगळे मान्य. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला आणि एका उताऱ्यासाठीचे हेलपाटे वाचले, हेही मान्य. म्हणूनच यंत्र काढून टाका, असे मी म्हणत नाही. पण पारदर्शकता यंत्राबरोबर आपोआप येते, हे गृहीतक एक रुपयातल्या पीक विम्याने खोटे पाडले. खरीप २०२३ पासून ती योजना सुरू झाली. गायरानावर, देवस्थानच्या आणि सरकारी जमिनींवर विमे निघाले, बोगस अर्जांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि २०२५ च्या खरिपात योजनाच गुंडाळली गेली. हे अर्ज ऑनलाइन होते, आणि दर अर्जामागे तो भरणाऱ्या सेवा केंद्राच्या चालकाला ४० रुपये मिळत होते. जमिनीच्या नोंदी आणि विम्याचे अर्ज दोन्ही संगणकात असताना गायरानाचा गट अर्जात आला, ही विसंगती यंत्राला पहिल्याच दिवशी पकडता आली असती. ते काम यंत्राकडून नीट करून घेतले गेले नाही. मोठी लबाडी निसटली, आणि ती लबाडी दाखवून नियम मात्र त्याच्यासाठी कडक झाले, ज्याचा फोटो अपलोड झाला नव्हता. यंत्राने शंका जरूर उपस्थित करावी. शंकेचा निकाल माणसाने बांधावर जाऊन लावावा.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे : इतक्या शेतकऱ्यांची प्रत्यक्ष चौकशी करायची कोणी? मराठवाड्यात हा प्रश्न आता विचारता येणार नाही, कारण शासनानेच त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, निजामकालीन दप्तरे धुंडाळली गेली, आणि २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेतला. त्या निर्णयात, ज्यांच्याकडे जमिनीचा पुरावा नाही त्यांनी १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचे प्रतिज्ञापत्र द्यावे आणि ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी व सहायक कृषी अधिकारी यांच्या गावपातळीवरच्या समितीने स्थानिक चौकशी करावी, अशी सोय आहे. आरक्षणाच्या वादात इथे शिरायचे नाही. मुद्दा असा की १९६७ पूर्वी कोणाचे पूर्वज कुठे राहत होते, हे जी त्रिसदस्य समिती गावात बसून ठरवू शकते, तिला याच जूनमध्ये कोणी काय पेरले हे नक्कीच ठरवता येईल. ते ढेकूळ, ती धाटे, तो शेजारी अजून जागेवर आहेत.

आणि ज्यांचे नाव सातबाऱ्यावरच नाही, त्यांना तर ॲपमध्ये शिरताही येत नाही. बटईने किंवा ठोक्याने जमीन करणारे, सासऱ्याच्या नावावरचे रान एकटीने ओढणाऱ्या विधवा, वाटणी तोंडी झालेले भाऊ. बियाणे, खत, मजुरी यांचा जुगार हे लोक खेळतात, आणि मदत किंवा विमा मालकाच्या खात्यात जातो. फार्मर आयडीची पायाभरणीच मालकी हक्कावर झाल्यामुळे हा अन्याय आता कायमचा होण्याची भीती आहे. गावात कोण कोणाची जमीन करतो हे सगळ्यांना ठाऊक असते. फक्त ते लिहून घ्यायला रकाना नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यातल्या हसनाळ, रावणगावात पाणी शिरले, आणि पुढच्याच महिन्यात मराठवाडाभर रान खरडून गेले. अशा वेळी जमिनीबरोबर घर जाते, फोन जातो, फोनमधला ओटीपीही जातो. म्हणून माझी मागणी साधी आहे आणि ती शासन निर्णयाच्या भाषेत लिहिता येण्यासारखी आहे. ॲपमध्ये नोंद नसणे हा पीक नसल्याचा पुरावा मानू नये. नोंद नसेल तर अर्ज केल्यापासून ठरावीक दिवसांत ग्रामस्तरीय समितीने पाहणी करावी, आणि तिने ती केली नाही तर शेतकऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरावे. कोणतीही मदत, खरेदी किंवा विमा नाकारला तर कारण, नियम आणि अपील कोणाकडे, हे मराठीत लेखी द्यावे, त्यावर एका जिवंत अधिकाऱ्याची सही असावी. शेतकऱ्यांची माहिती हाताळणाऱ्या प्रत्येक संस्थेशी झालेला करार, मग तो मोफत का असेना, ग्रामपंचायतीच्या फलकावर वाचायला मिळावा.

माहिती अशी उघड करण्याला एका नव्या कायद्याची अडचण येऊ शकते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अनुदान आणि लाभ देण्यासाठी शासनाला संमतीविना माहिती वापरण्याची वाट मोकळी केली आणि त्याच वेळी माहितीच्या अधिकाराचे एक कलम बदलले. मदतीच्या याद्या चावडीवर लावून वाचण्याची आपली पद्धत त्यामुळे धोक्यात येते का, ते पुढच्या लेखांकात.