उपजीविका आणि कलाव्यासंग : दोन उदाहरणांचा विचार

उपजीविकेचा व्यवसाय आणि आवडीचा व्यासंग यांचे स्वभावतः वैर आहे, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. मनुष्य आयुष्याच्या मध्यावर प्रथमच कलेकडे वळला, तर शिकण्याचे वय सरले, आता हे केवळ मन रमविणे होय, असा निर्णयही लोक देऊन मोकळे होतात. प्रस्तुत लेखात दोन उदाहरणांच्या आधारे या समजुतीची तपासणी करावयाची आहे.

पहिले उदाहरण फ्रेंच चित्रकार आंरी रूसो (१८४४–१९१०) यांचे. १८७१ मध्ये ते पॅरिसच्या जकात खात्यात नोकरीस लागले. शहरात येणाऱ्या मालावरील कर वसूल करणे हे त्यांचे काम. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांना लाभलेले नव्हते. १८८४ मध्ये, म्हणजे वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्यांनी लूव्र संग्रहालयातील चित्रांच्या प्रतिकृती करण्याचा परवाना मिळविला. त्याच वर्षी निवड-मंडळाचे बंधन नसलेले स्वतंत्र कलावंतांचे प्रदर्शन पॅरिसमध्ये सुरू झाले होते. १८८६ पासून रूसो आपली चित्रे तेथे मांडू लागले. प्रेक्षक हसत, समीक्षक टवाळी करीत; तथापि त्यांचा क्रम मोडला नाही. त्यांचे पहिले अरण्यचित्र १८९१ मधील, म्हणजे नोकरीच्या काळातलेच आहे. ते फ्रान्सबाहेर कधी गेले नाहीत. त्यांच्या अरण्यांचा उगम पॅरिसच्या वनस्पती-उद्यानात आहे. १८९३ मध्ये अल्प निवृत्तिवेतन पत्करून त्यांनी नोकरी सोडली.

दुसरे उदाहरण नेकचंद (१९२४–२०१५) यांचे. फाळणीमुळे त्यांचे गाव पाकिस्तानात गेले. पुढे चंदीगढ या नव्या राजधानीच्या उभारणीत ते सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते-निरीक्षक झाले. वयाच्या तिशीनंतर, १९५०–६० या दशकाच्या अखेरीस, त्यांनी सुखना तलावाजवळील राखीव वनक्षेत्रात फुटक्या बांगड्या, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, भट्टीतील मळी आणि विचित्र आकारांचे दगड जमविण्यास आरंभ केला. त्यांतून काँक्रीटच्या आधाराने मनुष्यांच्या आणि प्राण्यांच्या मूर्ती उभ्या राहिल्या. हे काम नोकरीच्या वेळाबाहेर आणि एक तपाहून अधिक काळ गुप्तपणे चालले. कारण कायद्याच्या दृष्टीने ते सरकारी जमिनीवरील अतिक्रमण होते. पुढे अधिकाऱ्यांना त्याचा पत्ता लागला, तेव्हा सारे पाडून टाकणे नियमास धरूनच झाले असते. शासनाने तसे केले नाही. १९७६ मध्ये ते उद्यान लोकांस खुले झाले आणि नेकचंदांना वेतन व मजूर देऊन तेच काम सोपविण्यात आले.

या दोन्ही उदाहरणांत नोकरीने कलेपासून काय हिरावून घेतले, एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. तिने काय दिले, हेही पाहिले पाहिजे. नेकचंदांच्या बाबतीत हे ऋण उघड आहे. काँक्रीटची ओळख, टाकाऊ मालाचे ठावठिकाणे आणि नव्या शहरासाठी पाडलेल्या खेड्यांचे अवशेष ही सर्व त्यांच्या खात्याच्या कामाच्या परिसरातील सामग्री होय. रूसोंना नोकरीने विषय दिले असे म्हणता येत नाही. पण नियमित वेतनामुळे चित्रे विकली जाण्याची गरज उरली नाही आणि उपहास सोसणे शक्य झाले. निवृत्तीनंतर त्यांना शिकवण्या करून दारिद्र्यात दिवस काढावे लागले, यावरून त्या वेतनाचे मोल लक्षात येते.

तथापि, नोकरी मान्यता देत नाही. रूसोंना ‘जकातवाले’ हे टोपणनाव अखेरपर्यंत चिकटले. मान्यतेसाठी बाहेरचे दार उघडे असावे लागते. रूसोंसाठी ते निवड-मंडळ नसलेल्या प्रदर्शनाने उघडले, तर नेकचंदांसाठी नियमाचा आग्रह न धरणाऱ्या प्रशासनाने. अशा उघड्या दारातून पुष्कळ सामान्य कृतीही आत येतात, हे खरे. पण दार बंद असते, तर ही दोन नावे कलेच्या इतिहासात आली असती काय, याचा विचार परीक्षकाच्या भूमिकेत बसणाऱ्या आपणा अध्यापकांनी अवश्य करावा.

अभ्यासकांनाही यातून एक सूचना घेता येईल. कलावंतांची चरित्रे लिहिताना नोकरीची वर्षे रिकामी समजून एका वाक्यात उरकण्याचा प्रघात आहे. वस्तुतः त्या वर्षांतील कामाचे स्वरूप, वेळापत्रक, हाताळलेली सामग्री आणि वेतन यांची नोंद घेतल्याखेरीज मध्यवयात उमललेल्या निर्मितीचे स्पष्टीकरण पुरे होणार नाही.